डिझेलामागचे लाकडी डबे

आबांच्या घराची खिडकी बंद करायची तर फळी खालून वर ओढावी लागायची. चामड्याचा पट्टा होता, तो धरून. पट्टा सुटला की फळी धाडकन भिंतीच्या पोटात. पहिल्याच दिवशी माझी बोटं थोडक्यात वाचली. गावात बाकीच्यांच्या खिडक्या साध्या, गज नि दोन झडपा. आबांनी चिऱ्याच्या भिंतीला आतून फळ्या मारून घेतल्या होत्या आणि राहत्या घराचा आगगाडीचा डबा करून टाकला होता.

तेव्हा मिठबावात आगगाडी म्हणजे ऐकायची गोष्ट. आमच्याकडे समुद्र, होड्या आणि दिवसातून येईल तेव्हा येणारी एसटी. गाडी डोळ्यांनी बघितलेली माणसं म्हणजे मुंबईचे चाकरमानी. माझं तर माहेर आरोंदा, तिथून लग्न होऊन मिठबावात आले, तेवढाच माझा प्रवास.

नवरा गलबतावर खलाशी होता. एका साली गलबत गेलं ते आलंच नाही. त्यावरच्या बाकीच्यांच्या बायका वर्षभर वाट बघत बसल्या, मला सासरच्यांनी तेवढंही बसू दिलं नाही. मग काथ्या वळला, लोकांच्या लावणीला गेले, माशांची पाटी डोक्यावर घेतली. करायचं ते केलं. कुणीतरी सांगितलं, आबांना जेवण करायला बाई हवी आहे, पण तिथं कुणी टिकत नाही. म्हटलं, मी टिकेन. न टिकून जाणार कुठं?

आबा मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. गाडीचे डबे बांधायचे. लाकूड दिसलं की बोटाच्या पेरानं ठोकायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं, ही त्यांची खोड. देवळाचं दार, लोकांच्या खाटा, पाहुण्याची काठी, काही सोडायचे नाहीत. मी कामाला म्हणून उभी राहिले तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या काखेत माझी विळी होती, सासरहून आणलेली एवढीच वस्तू. तिचा पाट ठोकला, ऐकला आणि म्हणाले, "शिवण आसा. बरां लाकूड. रव."

असं मला काम लागलं. मागच्या पडवीत राहायला जागाही मिळाली.

ते झोपायचे साखळ्यांनी टांगलेल्या फळीवर. सकाळी ती फळी भिंतीला उभी लावून कडी घालायचे. दारावर पाटी, थुंकू नये. आणि माजघरात छपराखाली एक लोखंडी साखळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती कशाला, ते मला ठाऊक नव्हतं. आषाढात माझं लुगडं तीन दिवस ओलंच होतं, तर मी ते त्या साखळीवर टाकलं. कुठंतरी घंटा वाजली. आबा परसातून भिजत आले आणि माझ्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. त्यांचं बोलणं आमच्यासारखंच, पण रेल्वेची गोष्ट निघाली की एकदम कचेरीतलं मराठी लावायचे.

"साखळी ओढण्याचं कारण सांगा, बाई."

मी म्हटलं, "लुगडां सुकना नाय, आबा."

त्यांनी बराच विचार केला. ओल्या लुगड्याकडे बघितलं, बाहेर पावसाकडे बघितलं. मग म्हणाले, "पावसाळ्यापुरतं कारण ग्राह्य आहे." आणि परत परसात गेले. तेव्हापासून पावसाळ्यात मी लुगडं तिथंच घालायची. घंटा वाजायची. ते नुसतं आतून ओरडून विचारायचे, "लुगडां?" मी म्हणायची, "लुगडां." संपलं.

जेवणाचीही तऱ्हा तीच. त्यांची आई करायची तशीच आमटी हवी, सार हवं. एकदा मी माशाच्या कढीत टोमॅटो घातला, कसालच्या बाजारातून कुणी आणून दिलेला. त्यांनी तो हातात उचलून धरला आणि विचारलं, ह्यो कधी इलो आमच्या घरात? "जसां होता तसां होया," हे त्यांचं बोलणं. दिवसातून कितीदा म्हणत असतील. त्यांच्या बापाच्या वेळी उंबरा झिजलेला होता, तर यांनी नवा उंबरा घातला तोही मधोमध तेवढाच तासून. त्याला ठेच लागून मी एकदा भाताच्या टोपासकट पडले. त्यांनी आधी उंबरा बघितला.

आता त्यांच्या गाडीचं सांगते.

माजघरातल्या कपाटात सात-आठ डबे होते, हातभर लांबीचे. काय सांगू तुम्हाला. चिमटीत धरून दार उघडावं तर उघडायचं, आत बाकं, बाकांवर सामान ठेवायच्या फळ्या. खिडक्या वरखाली व्हायच्या. सगळं सागवान. मुंबईतून येताना त्यांनी ट्रंक भरून लाकडाचे तुकडे आणले होते, त्यातून हे केले. दर गणपतीला आरास म्हणून गणपतीसमोर फळीवर रूळ मांडायचे आणि त्यावर हे डबे. भजनाला वाडीवाडीची माणसं यायची, ती आधी डबे बघायची, मग देवाला हात जोडायची.

पण गाडीला इंजिन नव्हतं. आबा म्हणायचे, मी डब्यांचा माणूस, इंजिनाशी माझा काय संबंध. लोक दरसाल विचारायचे, आबा, इंजिन खंय? आणि आबा दरसाल गंभीरपणे सांगायचे, "इंजिन येवचां आसा." एकजण बोललाच, "ही गाडी सुटाची तेवा सुटांदे. तवसर आमी चाय घेतंव."

माणसं हसायची, पण जरा खालच्या आवाजात. कारण त्या घरातली दुसरी उणीव सगळ्यांना ठाऊक होती. आबांचा एकुलता एक मुलगा गणपतीला येत नव्हता. आमच्याकडे माणूस लग्न चुकवील, तेरावं चुकवील, पण घरचा गणपती चुकवत नाही. भावाभावांची डोकी फुटलेली असतात, तरी चतुर्थीला एका पाटावर शेजारी बसतात. हा तीन गणपती आला नव्हता. आबा पूजेला एकटेच बसायचे. दुसरा पाट मांडू का, असं मी पहिल्या साली विचारलं होतं. परत विचारलं नाही.

भांडण कशाचं, ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. थोडं गावाकडून, थोडं आबांच्याच तोंडून. मुलगा त्याच कारखान्यात कामाला लागला होता, पण लोखंडाच्या कामाला. नवे डबे लोखंडी यायला लागले, तेव्हा जुने लाकडी डबे एका बाजूच्या रुळावर नेऊन पेटवले. लाकूड जळून जायचं, लोखंड वेगळं निघायचं, अशी ती रीत. आबा बघत उभे होते. त्यांच्या हातचे डबे त्यात होते. शेजारी मुलगा. तो म्हणाला, "लाकूड ता लाकूड, बाबा. जळतलाच." त्याच्या मनात काय होतं कोण जाणे, समजूत घालायला बोलला असेल. आबा त्या दिवसापासून त्याच्याशी बोलले नाहीत. नोकरी संपली, बायको आधीच गेलेली, ते गावी आले. मुलगा पुढं डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये लागला. ते आबांना कुणीतरी सांगितलं, तर म्हणे दोन दिवस जेवले नाहीत.

आणि एका मे महिन्यात वाडीतला एक चाकरमानी बोटीनं आला, त्यानं आबांच्या हातात एक खोकं ठेवलं. झिलानं, म्हणजे मुलानं, पाठवलंय, म्हणाला. आत इंजिन.

शेडमधल्या पोरांनी मिळून केलं होतं ते. पत्र्याचं, कडा पितळेच्या, लाल रंग, मधून पिवळा पट्टा. दिवेसुद्धा होते पुढं. पण चिमणी नाही, कोळसा नाही, वाफ नाही. शेजारची म्हातारी वाकून वाकून बघून म्हणाली, "ह्यां खंयचा इंजिन? ही आमच्या सुनेची ट्रंक."

आबांनी पेरानं ठोकलं. "पत्रो," म्हणाले. आणि ते इंजिन कोनाड्यात ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. शाळेत पोराला उभं करतात तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडायला गेले तर इंजिनाचं तोंड बाहेर. तिसऱ्या दिवशी ते खाली चटईवर होतं आणि आबा पट्टी घेऊन त्याची लांबी मोजत होते. मला बघून म्हणाले, मुंगये लागलेले, म्हणून काढलंय. पत्र्याला मुंग्या. मी म्हटलं, असतील.

मला वाटलं, सुटली अडचण, लावा इंजिन डब्यांना नि करा मोकळं. त्यांना म्हटलंही तसं. तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी जणू गणपतीसमोर सुकट ठेवायला सांगितली. कचेरीचं मराठी सुरू झालं. बाई, हे डिझेल. हे आलं तेव्हा मी कारखान्यात नव्हतो. हे डबे वाफेच्या इंजिनामागे धावलेले आहेत, ते मी स्वतः पाहिलेलं आहे. डिझेलामागे हे लागले की नाही, ते पाहिलेलं नाही. लागले नसतील तर लावता येणार नाहीत. मी म्हटलं, आबा, आरास आहे, कोण बघतंय. मग आपल्या बोलीत आले. "गणपती बघता मा."

तर सगळा प्रश्न एवढाच, की डिझेलामागे कुठले डबे. मला तेव्हा हे वेड वाटायचं. नंतर कळलं, की त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच. आपल्या हातचं काही अजून धावतंय का, की सगळं जळलं.

मग त्यांनी एसटी थांबते तिथं वडाखाली बसायला सुरुवात केली. मे महिना, चाकरमान्यांची रांग. प्रत्येकाला धरायचे. तू डिझेलची गाडी बघलंस? मागे डबे कसले हुते, लाकडी काय लोखंडी? माणसं घरी जायच्या घाईत, डोक्यावर ट्रंका, कडेवर पोरं. एकजण म्हणाला, "डबे हुते, आबा. बसाक जागा नव्हती, एवढाच याद आसा." एका बाईनं सांगितलं, मी अख्खी वाट आमच्या पेटीकडे बघत होते, डब्याकडे कोण बघतो. एका कारकुनानं मात्र छातीठोक सांगितलं, सगळे पिवळे, वर हिरवी रेघ, झालरीचे पडदे. आबा आनंदानं घरी आले. रात्री जेवताना त्यांच्या लक्षात आलं, हा माणूस म्हणतो ती गाडी त्यानं कॅलेंडरावर बघितलेली. ताटावरून उठले.

जूनच्या तोंडावर चाकरमानी परतायला लागले, शेवटची बोट गाठायची म्हणून. आबांना काही कळलेलं नव्हतं. इंजिन एकीकडे, डबे एकीकडे. माणूस वाळत चालला होता. मी कोकमाची सोलं उन्हात घातली होती ती गोळा करत होते, आणि ते पायरीवर बसून पुटपुटत होते, अजून कोणाला विचारावं. मला राहवलं नाही.

मी म्हटलं, "आबा, अख्ख्या गावाक इचारलास. ज्येका ठावक आसा, त्येका सोडून."

ते म्हणाले, "तो माका सांगतलो?"

"इचारल्याशिवाय कसो सांगतलो?"

उठून आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाऊस नसताना मुद्दाम लुगडं साखळीवर टाकलं तरी आतून विचारणं नाही. मला वाटलं, झालं, गेलं माझं काम. पडवीतली माझी वळकटी मी बांधूनच ठेवली. ज्याला एकदा बाहेर काढलेलं असतं त्याला बांधायला वेळ लागत नाही.

इंजिन घेऊन आलेला चाकरमानी मुंबईला निघाला, त्या सकाळी मी त्याच्याकडे द्यायला गाठोडं बांधत होते. सोलं, उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ. मुलगा येत नसला तरी गाठोडं दरसाल जायचं. आबा म्हणायचे, गावची रीत म्हणून जातंय, माझं काय नाही त्यात. गाठ मारायला गेले तर तांदळात काहीतरी कडक लागलं. बाजूला करून बघितलं. आबांच्या धोतरात गुंडाळलेला एक लाकडी डबा. मी तांदूळ परत वर लोटले आणि गाठ मारली. निरोप काय द्यायचा, त्या माणसानं विचारलं. आबा आतून म्हणाले, निरोप नाही.

मग पावसाळा. बोटी बंद. आबांचं एक नवीनच सुरू झालं, एसटीचा भोंगा वाजला की हातातलं थांबवायचे. मला सांगायचे, आज गाडी वेळेवर आहे. किंवा, आज गाडी उशिरा. मला गाडीशी काय करायचंय, पण मी हो म्हणायची. कुणी आलं की नाही ते मात्र बघायला जायचे नाहीत.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी माटवीला लावायला कवंडळं नि नारळ मोजून ठेवत होते. गणपतीवरची लाकडी चौकट ती माटवी, तिला रानातली फळं, पानं टांगतात. अंगणात कुणीतरी उभं. अंगावरून पाणी गळतंय, छत्री उलटी झालेली, आणि छातीशी धोतरात काहीतरी धरलेलं. आबांचं नाक त्याला, म्हणून ओळखलं. आबा माटवीच्या चौकटीला खिळा मारत होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कसा आहेस नाही, पाया पडणं नाही. मुलानं धोतर सोडलं, डबा दाखवला आणि म्हणाला, "ह्यो तिसरो लागता, बाबा."

आबांनी तोंडातले खिळे काढले. "तिसरो कित्याक?"

"इंजिनाक लागान दोन लोखंडी होये. शेवटाकय लोखंडी. लाकडी मधी."

"मधी कित्याक?"

"धक्को बसलो तर लोखंडान खावचो. लाकडार येता नये."

"म्हणजे माझे डबे फुटतले म्हणतंस?"

"फुटा नयेत म्हणानच मधी घालतंव."

पाऊस पडत होता आणि तो अजून अंगणातच उभा. मग आबांनी विचारलं, अगदी हळू, "मगे ते अजून धावतत?"

"धावतत तर. सगळे खंय जाळल्यानी? माझ्या इंजिनांका मीच जोडतंय."

आबांनी मला हाक मारली. म्हटलं, आता काय. म्हणाले, "गो, ह्येका पंचो दी. लाकूड भिजता." पंचा मी मुलाला दिला. त्यानं आधी डबा पुसला.

त्या रात्री नि दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत दोघं लोखंडी डबे करत होते. घासलेटचा डबा कापला, बिस्किटांचा पत्र्याचा डबा कापला, माझा पिठाचा डबा घेतला तो मला विचारलंही नाही. पीठ पातेल्यात ओतून ठेवलेलं सकाळी दिसलं. आबांना पत्रा कापायची सवय नव्हती, त्यांची बोटं रक्तानं भरली. मुलगा म्हणायचा, सोडा, मी करतो. ते म्हणायचे, तू खिडक्या वाकड्या काढतोस. भांडण तर सारखं चाललेलं. पायरी एक की दोन, दार आत उघडतं की बाहेर. मी आडोशाला मोदकांचं सारण ढवळत होते आणि ऐकत होते. तीन वर्षांचं साठलेलं होतं, ते सगळं दारं-खिडक्यांवरून बाहेर पडत होतं. त्या जळलेल्या डब्यांचं कुणी नाव काढलं नाही.

पूजेला मी दोन पाट मांडले. कुणाला विचारलं नाही.

आरास बघायला यंदा भजनाची माणसं पायरीपर्यंत. इंजिन, मागे लोखंडी दोन, मग लाकडी, शेवटी परत लोखंडी, त्याला लाल दिवा. इंजिन कसलं ट्रंकेसारखं, असं शेजारची म्हातारी परत म्हणाली. आबा तिला कचेरीच्या मराठीत म्हणाले, "बाई, हे डिझेल आहे. याच्यामागे मिश्र गाडी धावते." मिश्र म्हणजे काय ते तिला कळलं नाही, पण तिनं पाच पैसे रुळावर ठेवले.

गौरी गेल्या, मुलाची रजा संपली. तो निघाला तर आबा कोट घालून, छत्री घेऊन दारात उभे. खंय चल्लास, मी विचारलं. म्हणाले, "ह्यो सांगता ता माका पटूक नाय. मी डोळ्यांनी बघतलंय." मुंबई सोडताना तिचं परत तोंड बघणार नाही म्हणाले होते, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक. घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि दोघं एसटीत बसले. बसल्या बसल्या खिडकीवरून वाद सुरू झाला, तो गाडी वळेपर्यंत दिसत होता.

दिवाळीला एकटे परत आले. तब्येत भरलेली. मी विचारलं, सून कशी आहे, मुलाचं घर कसं, मुंबई बदलली का. पायरीवर बसून त्यांनी आधी वहाणा काढल्या, पाणी प्याले.

"चौथो," म्हणाले.

"काय चौथो?"

"लाकडी डबो. तिसरो नाय, चौथो. मी बघलंय." आणि आत जाऊन कपाट उघडलं.

पुढं दर गणपतीला हेच. मुलगा यायचा, बायकोपोरांना घेऊन यायचा, आरास मांडली की पहिला लाकडी डबा तिसरा ठेवायचा. दुपारी तो झोपला की आबा उठून चौथा करायचे. संध्याकाळी आरतीला परत तिसरा. मी समईची वात सारताना बघायची, आज कुठं आहे. मुलगा म्हणायचा, त्यांनी बघितली ती एखादी गाडी असेल, रीत तिसऱ्याचीच आहे. आबा म्हणायचे, रीत गेली खड्ड्यात, मी बघितलंय. ज्यांनी आयुष्यभर रीत सोडली नाही ते हे बोलायचे.

आबा एका माघात गेले. मोठं दुखणं नाही, फळीवर झोपले ते झोपले. पुढल्या चतुर्थीला मुलगा आला. आरास नको म्हणत होते घरातले, तरी त्यानं कपाट उघडलं, रूळ मांडले. इंजिन लावलं. मागे लोखंडी, परत लोखंडी. मग हात थांबला, आणि त्यानं अजून एक लोखंडी उचलून लावला. त्यानंतर लाकडी.

मी म्हटलं, "दादा, तू तिसरो म्हणतंस मा?"

तो डब्याचं दार नीट लावत होता. वर बघितलं नाही.

"बाबांनी बघल्यानी तो चौथो हुतो," म्हणाला.